मेफ्लॉवर, आजोबांची होडी आणि गोडं पाणी



"दिवाळी अंकासाठी काहीतरी खुसखुशीत लिहून द्या," असा संपादकांचा फोन आला, तेव्हा मी त्यांना आधीच सावध केलं. ज्या माणसानं अडतीस वर्षं विद्यार्थ्यांना गंज शिकवला, त्याच्याकडून खुसखुशीत काही निघणं अवघड. धातू का गंजतात आणि ते गंजू नयेत म्हणून काय करावं, हा माझा विषय. निवृत्तीनंतर लाकूड का कुजतं, याचाही नाद लागला. तेव्हा चकली-करंजीच्या ताटात यंदा मी एक कुजकं जहाज वाढतो आहे. गोड मानून घ्या.

बोस्टनच्या आसपास राहणाऱ्या मराठी घरांचा पाहुण्यांना फिरवण्याचा रस्ता ठरलेला असतो. एक दिवस हार्वर्ड, एक दिवस देवमासे दाखवणारी बोट आणि एक दिवस प्लिमथ. मी १९७४ पासून हा रस्ता तुडवतो आहे. प्लिमथला गेल्यावर आधी तो प्रसिद्ध खडक दाखवायचा. "एवढासा?" असं पाहुणे म्हणतात. मग समुद्राकाठी उभं असलेलं मेफ्लॉवर जहाज दाखवायचं. उंच डोलकाठ्या, दोरांची जाळी, पोटात अंधार. पाहुण्यांचे डोळे चमकतात. मग आपण प्रामाणिकपणे सांगतो, की ही १९५५-५६ साली बांधलेली प्रतिकृती आहे. चमक लगेच कमी होते.

माझी आत्या तर तिथंच पायरीवर थांबली होती. "म्हणजे ही खरी नाही?"

"नाही गं आत्या. हुबेहूब बनवलेली आहे."

"मग तिकीट खऱ्याचं का घेतात?"

आत्याच्या त्या प्रश्नाला उत्तर द्यायला मला चाळीसेक वर्षं लागली. ते उत्तर आज तुम्हाला सांगणार आहे.

आधी खऱ्या मेफ्लॉवरचं काय झालं ते ऐका. १६२० साली १०२ प्रवासी घेऊन तिनं अटलांटिक ओलांडला. त्याला ६६ दिवस लागले. १६२१ मध्ये ती इंग्लंडला परत गेली. १६२४ मध्ये तिची किंमत ठरवायला माणसं आली, तेव्हा ती मोडकळीला आली होती. त्यानंतर तिचा कागदोपत्री पत्ता लागत नाही. बहुधा मोडून लाकूड विकलं असावं. त्या काळी ती मालवाहू बोट होती, कुणाची आठवण नव्हती. तिचे आराखडेही कुणी जपले नाहीत.

दुसऱ्या महायुद्धानंतर वॉरिक चार्लटन नावाच्या इंग्रज माणसाच्या मनात आलं, की अमेरिकेनं युद्धात दिलेल्या साथीबद्दल आभार म्हणून तिला एक मेफ्लॉवर बांधून द्यावी. इकडे एमआयटीतले नौकाशास्त्रज्ञ विल्यम बेकर त्या काळातल्या जहाजबांधणीच्या नोंदी चाळून आराखडे काढत होते. इंग्लंडमध्ये डेव्हन परगण्यातल्या ब्रिक्सम गावी जहाज तयार झालं. ओकचं लाकूड, हातानं शिवलेली शिडं, हेम्पच्या वाखाचे दोर. अ‍ॅलन व्हिलियर्स नावाचे मुरलेले कप्तान २० एप्रिल १९५७ ला ती घेऊन निघाले आणि १३ जूनला प्लिमथला पोहोचले. वाऱ्यावर, शिडांच्या जोरावर. म्हणजे आत्या जिला खोटी म्हणत होती, तिनं तोच समुद्र तसाच ओलांडला होता.

इथवर सगळं छान आहे. खरी गोष्ट पोहोचल्यावर सुरू होते.

लाकडी जहाज कशानं कुजतं, असं विचारलं तर बहुतेक लोक सांगतात, समुद्राच्या पाण्यानं. तसं नाही. खाऱ्या पाण्यात लाकूड पोखरणारे किडे असतात, ते खरं. पण कुजणं हे बुरशीचं काम, आणि लाकूड खाणाऱ्या बुरशीला मीठ मानवत नाही. जुने जहाजबांधे तर सांगाड्याच्या फासळ्यांमध्ये मुद्दाम मीठ भरून ठेवत. जहाजाला मारतं ते वरून येणारं गोडं पाणी. म्हणजे पाऊस, दव, वितळलेला बर्फ. डेकच्या फटीतून ते झिरपतं, जिथं वारा पोहोचत नाही अशा कोपऱ्यात साचतं आणि बुरशी निवांतपणे आपलं काम करते. त्यात ओकच्या लाकडात आम्लं असतात, ती लोखंडी खिळे खातात आणि खिळ्यांचा गंज उलटून लाकूड खातो. बाहेरून तेलपाणी केलेली फळी दिसते, आत भुसा झालेला असतो. आपल्या सागवानात तेल असतं, त्यात लोखंड टिकतं. मुंबईच्या गोदीत वाडियांनी १८१७ साली बांधलेली 'ट्रिंकोमाली' आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगते आहे, त्यात सागाचा मोठा वाटा आहे.

समुद्रावर हिंडणारं जहाज खाऱ्या पाण्यानं रोज धुतलं जातं, त्याला वारा लागतो, आणि खलाशांचे डोळे आणि हात रोज त्याच्यावरून फिरतात. धक्क्याला बांधलेल्या जहाजाला फक्त पाऊस लागतो. पाहुणे येतात, फोटो काढतात, छान आहे म्हणतात आणि जातात. प्रतिकृतींच्या नशिबात बहुतेक वेळा हा धक्काच येतो.

अशी दोन जहाजं मी टेक्ससमध्ये पाहिली. कोलंबसाच्या सफरीला १९९२ साली पाचशे वर्षं होणार म्हणून स्पेननं त्याच्या तिन्ही जहाजांच्या प्रतिकृती बांधल्या. त्या अटलांटिक ओलांडून आल्या आणि पुढं कॉर्पस क्रिस्टी शहरानं त्या ठेवून घेतल्या. १९९४ मध्ये एका मालवाहू तराफ्यानं पिंटा आणि सांता मारियाला धडक दिली. नंतर त्या दोघी संग्रहालयाशेजारी कोरड्या जमिनीवर येऊन बसल्या. एका परिषदेसाठी गेलो असताना मी त्या पाहिल्या. सवयीनं अंगठा फळीवर दाबला आणि तो पेरभर आत गेला. दुरुस्तीचा खर्च झेपणारा नव्हता. अखेर २०१४ च्या सुमारास त्या मोडून टाकल्या. समुद्रानं त्यांना काही केलं नव्हतं.

याच्या उलट टोक म्हणजे 'बाऊंटी'. मार्लन ब्रँडोच्या चित्रपटासाठी १९६० साली कॅनडातल्या लुनेनबर्गला बांधलेली. मूळ जहाजापेक्षा मोठी, कारण कॅमेरे मावायला हवे होते. चित्रपट संपला आणि ती पन्नास वर्षं हातोहात फिरली. कुणाकडेच तिच्यासाठी पुरेसे पैसे नव्हते. २०१२ च्या शरदात ती मेन राज्यात दुरुस्तीला गेली, तेव्हा फासळ्यांमध्ये कूज सापडली. थोडं लाकूड बदललं, बाकीचं काम पुढं ढकललं. २५ ऑक्टोबरला ती न्यू लंडनहून फ्लोरिडाकडे निघाली. सँडी चक्रीवादळ येत असल्याचं साऱ्या किनाऱ्याला माहीत होतं. जहाज बंदरापेक्षा समुद्रात सुरक्षित असतं, असं कप्तानाचं म्हणणं होतं. ज्याला उतरायचं त्यानं उतरावं, असं त्यांनी खलाशांना सांगितलंही. कुणी उतरलं नाही. २९ तारखेला पहाटे नॉर्थ कॅरोलायनाच्या किनाऱ्यापासून शंभरेक मैलांवर ती बुडाली. सोळापैकी चौदा जणांना तटरक्षक दलाच्या हेलिकॉप्टरांनी उचललं. एका स्त्री-खलाशाचा मृत्यू झाला आणि कप्तान कधीच सापडले नाहीत. चौकशी करणाऱ्या सरकारी मंडळानं कप्तानाचा निर्णय बेपर्वाईचा ठरवला.

तेव्हा 'बांधून ठेवू नका, समुद्रात लोटा' एवढंच सांगून माझी सुटका होणार नाही. कुजलेल्या फासळ्या झाकून समुद्रात लोटलं तर माणसं जातात. आधी उघडून बघावं लागतं.

आता थोडं घरचं.

वेंगुर्ल्याजवळच्या आमच्या गावात आजोबांची एक होडी होती. आषाढाआधी साऱ्या होड्या वाळूवर ओढायच्या, त्यांना तेल द्यायचं, विणलेल्या झावळ्यांनी शाकारायचं आणि नारळी पुनवेला नारळ वाढवून पुन्हा पाण्यात लोटायच्या. माझ्या लहानपणी मला तो सण वाटायचा. ती किती नेमकी विद्या होती, हे कुजण्याचं शास्त्र वाचल्यावर कळलं. झावळ्या गोडं पाणी बाहेर ठेवतात आणि वारा आत येऊ देतात.

मी अकरा-बारा वर्षांचा असताना आजोबा गेले. माझे वडील शाळामास्तर, त्यांना समुद्राचं काम येत नव्हतं. माझ्या चुलतभावाला येत होतं. त्यानं होडी मागितली. वडील म्हणाले, "आबांची आठवण आहे ती. तू मोडशील." आणि होडी वाळूवर राहिली. वडील दरवर्षी ती न चुकता शाकारून घेत. नारळी पुनवेला तिच्यापुढं नारळ वाढवत, हळदकुंकू वाहत. पण पाण्यात लोटत नव्हते. मी अमेरिकेत आल्यावर त्या खर्चाला पैसेही पाठवले आहेत.

१९८१ मध्ये गावी गेलो, तेव्हा मी नुकताच प्राध्यापक झालो होतो आणि गंजावर अधिकारवाणीनं बोलत होतो. होडीच्या काठावर हात ठेवला आणि लाकडाचा चुरा बोटांत आला. इतकी वर्षं उन्हात सुकून फळ्यांच्या फटी उघडल्या होत्या, आणि त्यातून एकेका पावसाळ्याचं थोडं थोडं पाणी आत मुरलं होतं. शेजारी जाळं विणत बसलेले एक म्हातारे म्हणाले, "होडयेक खारा पाणी व्हया, झिला. गोड्या पाण्यान ती कुसता."

माझ्या पीएचडीच्या प्रबंधात याहून जास्त काही होतं असं मला वाटत नाही.

चुलतभाऊ तोवर मुंबईला एका गिरणीत लागला होता. वडिलांना मी काही बोललो नाही. त्यांनी तर होडी मनापासून जपली होती.

ही गोष्ट मी तेव्हा समजून घेतली असती, तर पुढची घडली नसती. मंडळात जन्मलेल्या पिढीनं ही विशेष लक्ष देऊन वाचावी आणि त्यांच्या आईवडिलांनी त्याहून जास्त.

माझा मुलगा आठ-नऊ वर्षांचा होईपर्यंत भरभरून मराठी बोलायचा. चुकायचा. 'माझा आई आला', 'मी पाणी खाल्लं'. मला त्याच्या मराठीचा फार अभिमान होता आणि म्हणूनच तिच्यावर एक ओरखडा मला सहन होत नसे. दर वाक्याला थांबवून मी दुरुस्त करायचो. एका दिवाळीच्या कार्यक्रमात त्याला स्टेजवर दोन ओळी बोलायच्या होत्या. त्यानं 'दिवाळीचा शुभेच्छा' म्हटलं आणि मी पहिल्या रांगेतून मोठ्यानं "च्या! शुभेच्छा अनेकवचन!" असं सांगितलं. लोक हसले. प्रेमानंच हसले. तो वाक्य अर्धं सोडून खाली आला आणि त्यानंतर माझ्याशी मराठीत बोललाच नाही. त्याला समजायचं सगळं. मी मराठीत विचारायचो, तो इंग्रजीत उत्तर द्यायचा. असं सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं चाललं. मी सगळ्यांना सांगायचो, "त्याला मराठी उत्तम कळतं हो." वाळूवरची होडी छान शाकारलेली आहे, तसं.

आता पुन्हा मेफ्लॉवर. साठ वर्षांत तिचीही आतून चाळण झाली होती. पण तिच्या सांभाळणाऱ्यांनी वेळीच एक कठीण निर्णय घेतला. २०१६ च्या अखेरीला तिला कनेटिकटमध्ये मिस्टिक सीपोर्टच्या गोदीत नेलं आणि तिची फळीन् फळी उघडली. काम तीन-चार वर्षं चाललं, खर्च एक कोटी डॉलरच्या वर गेला आणि सुमारे सत्तर टक्के लाकूड बदललं गेलं. हे काम येणाऱ्यांना बघायला खुलं होतं. २०१८ च्या उन्हाळ्यात मुलगा आणि सहा वर्षांची नात यांना घेऊन मी गेलो.

अंगावरची कातडी काढावी तशी ती बोट दिसत होती. काळ्या पडलेल्या जुन्या फासळ्या आणि त्यांच्या मध्ये पिवळ्याधमक नव्या. एक तरुण कारागीर लाकडी हातोडीनं ठोकून लाकूड तपासत होता. त्यानं बाजूला पडलेले दोन तुकडे दाखवून हातोडी नातीच्या हातात दिली. एका तुकड्यावर तिनं मारलं, 'टण्' असा स्वच्छ आवाज आला. दुसऱ्यावर मारलं, 'भद्द'. तिनं वर बघून बापाला विचारलं, "व्हाय?"

माझा मुलगा क्षणभर थांबला आणि म्हणाला, "कारण ते लाकूड सडली."

मंडळी, माझ्या तोंडाशी 'सडलं' आलं होतं. लाकूड नपुंसकलिंगी. चाळीस वर्षांची मास्तरकी घशात आली होती. मी ती गिळली. आयुष्यात एवढं कठीण काम मी क्वचितच केलं असेल.

नात म्हणाली, "सडली?"

"सडली. आतून." तो म्हणाला. मग माझ्याकडे न बघता त्यानं तिला बोटीचा खालचा भाग दाखवायला नेलं. मी तिथल्या एका ओंडक्यावर बसून राहिलो. ओंडके चांगले होते, नवे होते.

१० ऑगस्ट २०२० ला मेफ्लॉवर प्लिमथला परतली. करोनामुळे समारंभ झाले नाहीत. केप कॉड कालव्याच्या काठी मुखपट्ट्या लावून आम्ही तिघं एकमेकांपासून लांब उभे होतो आणि ती समोरून गेली. त्याच वर्षी तिला सांभाळणाऱ्या संग्रहालयानं आपलं नाव बदलून 'प्लिमथ पटक्सेट' केलं, तिथं आधीपासून राहणाऱ्या वांपानोआग लोकांच्या गावाचं नाव जोडून. म्हणजे नुसत्या फळ्या बदलल्या नाहीत, सांगायची गोष्टही उघडून दुरुस्त केली. आणि त्याच वर्षी तिची नोंद अमेरिकेच्या ऐतिहासिक वास्तूंच्या राष्ट्रीय यादीत झाली. प्रतिकृती म्हणून आलेली बोट आता स्वतःच इतिहास झाली आहे. आत्या आज असती तर तिला सांगितलं असतं, की तिकीट खऱ्याचंच आहे. मूळ मेफ्लॉवर अटलांटिक ओलांडून आली आणि चार वर्षांत मोडकळीला लागली. ही साठीच्या पुढं गेली, कारण दर पिढीत कुणीतरी तिचं लाकूड बदलायला शिकलं.

जाता जाता एक ताजी गोष्ट. अजिंठ्याच्या भित्तिचित्रात पंधराशे वर्षांपूर्वीचं एक जहाज आहे. त्याचाही आराखडा नाही, नुसतं चित्र. त्यावरून केरळच्या कारागिरांनी गोव्यात एक जहाज बांधलं. खिळे न मारता, काथ्याच्या दोरीनं फळ्या शिवून. भारतीय नौदलानं मे २०२५ मध्ये कारवारला ते दाखल करून घेतलं. त्याचं नाव 'कौंडिण्य'. डिसेंबरच्या अखेरीस ते पोरबंदरहून निघालं आणि २०२६ च्या जानेवारीत, मकरसंक्रांतीच्या दिवशी, मस्कतला पोहोचलं. मी आणि नातीनं संगणकावर त्याची चित्रं पाहिली. तिनं विचारलं, "आजोबा, आता ते जहाज कुठे ठेवणार?"

मी म्हटलं, "कुठं ठेवणार हे महत्त्वाचं नाही गं. दर पावसाळ्याआधी ते उघडून कोण बघणार, ते महत्त्वाचं."

तेव्हा मंडळी, माझी विनंती एवढीच. यंदाच्या कार्यक्रमात एखादं पोर स्टेजवर 'दिवाळीचा शुभेच्छा' म्हणालं, तर पहिल्या रांगेतल्या माणसांनी टाळ्या वाजवाव्यात आणि गप्प बसावं. दुरुस्ती घरी करावी, हळूहळू, एकेक फळी. आणि मुलांनो, तुमची मराठी आमच्यासारखी होणार नाही. सत्तर टक्के लाकूड नवं असेल, इंग्रजी जंगलातलं असेल. चालेल. पाण्यात लोटा.

प्लिमथला कधी यायचं असेल तर कळवा. गाडी आता मुलगा चालवतो. रस्ताभर तो नातीशी मराठीत बोलतो, चुकतो, आणि मी मागच्या सीटवर बसून खिडकीबाहेर बघतो.

दिवाळीच्या शुभेच्छा. अनेकवचनी.